चादर रोज बदलतात

१२ जानेवारी

टिल्लूस,

फोन तू उचलत नाहीस आणि मेसेज वाचून गप्प बसतोस, म्हणून हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर. घरचा पत्ता तू कधी दिलाच नाहीस. ऑफिसात आलेलं पाकीट कुणीतरी तुझ्या टेबलावर आणून टाकेल आणि चारचौघांत ते न उघडता ठेवणं तुला जमणार नाही, असा माझा अंदाज आहे.

आईच्या डोळ्यांचं सांगायचंय. डावा डोळा गेलाच होता, आता उजव्यातही मधोमध काळं दिसतं म्हणते. समोरचा माणूस दिसत नाही, त्याच्या आजूबाजूचं थोडंफार दिसतं. म्हणून हल्ली बोलताना ती कोंबडीसारखी मान तिरकी करून बघते. मला हसू आलं तर रागावली. डॉक्टर म्हणाले, उरलंसुरलंही जाईल, कधी ते सांगता येत नाही. उपाय विचारला तर म्हणाले, त्यांना जपा. जपतेच आहे, दुसरं काय करणार?

इस्त्रीचं दुकान आता माझ्या एकटीवर आलंय. आई टेबलाशी येऊन बसते, पण इस्त्री मी तिच्या हातात देत नाही. मध्यंतरी एका गिऱ्हाइकाच्या शर्टाची बाही जाळून ठेवली तिने. घड्या मात्र घालते. जन्मभर लोकांच्या चादरी आणि लोकांचे पडदे हाताळलेत, त्यामुळे कापडाचा कोपरा तिच्या बोटांना न बघता सापडतो. बाकी दिवसभर माझ्या कामात चुका काढणं चालू असतं.

तर डॉक्टरांकडून परत येताना ती म्हणाली, "दिसतंय तोवर टिल्लूचं घर बघून येऊ." घर घेतल्याचं तू फोनवर सांगितलंस तेव्हापासून अख्ख्या गल्लीला तिने ते ऐकवलंय. ज्यांना ऐकून कंटाळा आला ते आपले कपडे आता दुसरीकडे टाकतात. तिला शहर बघायचं नाही. मी म्हटलं, एवढं लांब जायचं तर काही बघू तरी. तर म्हणाली, "मला त्याच्या घरात जरा वेळ बसायचंय. खिडकी कुठल्या बाजूला आहे ते बघायचंय. मग डोळे गेले तरी मला ठाऊक असेल, तो कुठे बसतो, कुठे जेवतो."

आम्ही दोघीच येऊ. तीन दिवस. बेताच्या खर्चात. साध्या डब्यातून येऊ, जेवण बरोबर बांधून आणू. जमिनीवर अंथरूण टाकलंस तरी चालेल. तुझ्या बायकोला सांग, आम्ही काही पाहुण्या नाही, बसून राहायची आम्हाला सवयच नाही. तिला आम्ही फोटोतच बघितलंय. लग्नाला बोलावलं नाहीस ती गोष्ट मी आता काढत नाही. बघ, नाही काढली.

कधी येऊ ते कळव.

ताई


३० जानेवारी

टिल्लूस,

पाकीट मिळालं. जाडजूड होतं. आईने आधी हातात घेऊन दाबून बघितलं आणि म्हणाली, "बघ, किती लिहिलंय माझ्या पोराने." मी उघडलं तर आत तुझ्या कंपनीचं रंगीत माहितीपत्रक. "माननीय प्रवासी, कमी खर्चात मोठं शहर पाहण्याचं आपलं स्वप्न आता आमचं आहे." आमचं स्वप्न तुमचं कधीपासून झालं रे? कुणी लिहिलं हे? तूच लिहिलं असणार. ओळीआड 'कृपया' आहे.

आणि त्यात घडी घातलेली तुझी ती अर्ध्या कागदाची चिठ्ठी. घर सासऱ्यांचं आहे, तुझं नाही. वरच्या खोलीत तुम्ही दोघं राहता. कुणाला आणायचं तर विचारावं लागतं. आपला कपड्यांचा धंदा आहे असं तू त्यांना सांगितलंयस. पान चारवर लॉज आहे, स्वच्छ आहे, तिथे उतरा, मी येऊन भेटेन. आणि शेवटी, आईला यातलं काही सांगू नकोस.

कपड्यांचा धंदा! यात खोटं काही नाही म्हणा. धंदा कपड्यांचाच आहे, कपडे तेवढे लोकांचे.

मला राग कशाचा आला सांगू? घर तुझं नाही याचा नाही. माणूस सासऱ्याकडे राहतो, त्यात काय मोठंसं. राग आला तो या 'सांगू नकोस'चा. थाप मारलीस तू, आणि ती सांभाळायला ठेवलीस माझ्याकडे. लहानपणी शाळेतून पळून यायचास तेव्हाही दप्तर माझ्याच हातात असायचं.

पण आई समोर बसली होती. मान तिरकी करून. "वाच की," म्हणाली. मग मी ते माहितीपत्रक हातात धरून वाचलं. "आई, तू ये. घर तुझंच आहे. तुझ्या सूनबाई वाट बघतायत." तोंडाला येईल ते वाचत गेले. ती म्हणाली, "अजून वाच." अजून वाचलं. तुझ्या तोंडी इतकं गोड बोलायला मला काही जड गेलं नाही. तू स्वतः कसं लिहितोस हे आम्हा दोघींनाही माहीत नसल्यामुळे सोपं गेलं.

ती पलीकडच्या टेलरकडे सांगायला गेली तेव्हा मी माहितीपत्रक खरोखर वाचलं. चांगलं लिहिलंयस. सकाळच्या गाडीने निघालं तर लॉजचं एका दिवसाचं भाडं वाचतं. जाण्यायेण्याचं तिकीट एकदम काढलं तर स्वस्त पडतं. शहराच्या बसचा दिवसभराचा पास काढावा. संग्रहालय बुधवारी फुकट. स्टेशनबाहेरच्या टॅक्सीवाल्यांच्या नादी लागू नये, कृपया. सगळं लिहिलंयस. कुणाकडे जावं तेवढं राहिलंय.

ताई


९ फेब्रुवारी

टिल्लूस,

तिकिटं काढली. जाण्यायेण्याची एकदम, तुमच्या सल्ल्यानुसार. मंगळवारी दुपारी पोचतो. लॉजवर खोली सांगून ठेवलीय.

आता नीट वाच. मी आईला असं सांगणार आहे की तुझ्या घराला रंग द्यायचं काम निघालंय, वासाने तिला त्रास होईल म्हणून तू आमची सोय बाहेर केलीस. घर मी तिला लांबून दाखवेन, कुठलंही एक. तू फक्त स्टेशनवर ये आणि "आई" म्हण. बाकीची खोटी कामं मी करते. मला सवय झालीय आता.

तिने तुझ्या बायकोसाठी शाल काढून ठेवलीय. ट्रंकेत होती ती, तपकिरी. इस्त्री तिलाच करायची होती. मी हात धरून करू दिली. रडायला येत होतं मला, आणि ती म्हणे, "हात सोड ग, तू मध्ये मध्ये करतेस."

नक्की ये.

ताई


२६ फेब्रुवारी

टिल्लूस,

"येतो" असा मेसेज तू केला होतास, म्हणून आम्ही स्टेशनवर बसून राहिलो. आई प्रत्येक बुटांच्या आवाजाला मान वळवत होती. गर्दी ओसरली, झाडूवाला आमच्या पायांखालून झाडून गेला, तेव्हा तुझा दुसरा मेसेज आला की अचानक मीटिंग लागली, उद्या बघतो. मी आईला म्हटलं, "त्याला ऑफिसात अडकवलं. आपल्याला घरी जायला सांगितलंय." रंगाची गोष्ट सांगायची होती ती मी घाईत विसरले. 'घरी' म्हणाले. तोंडातून निघून गेलं आणि तिथून सगळं बिनसलं.

लॉजच्या दारात मॅनेजर टेबल टाकून बसला होता. आई कानात म्हणाली, "राखणदार आहे वाटतं खाली. वस्ती चांगली आहे." मी तिचा हात धरून तिला आत घेतलं. जिना चढून खोलीत आलो. तुम्ही लिहिलंय तशी स्वच्छ आहे. एक पलंग, एक खुर्ची, खिडकीबाहेर दुसऱ्या इमारतीची भिंत. मी तिला पलंगावर बसवलं. तिने बसल्या बसल्या चादरीवरून हात फिरवला. एकदा असा, एकदा तसा. मग वाकून वास घेतला.

"आजचीच इस्त्री आहे," म्हणाली. "कोपरे बघ कसे खोचलेत. आपल्यासारखे. टिल्लूने शिकवलं असेल तिला."

त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण तिचा चेहरा तू बघितला नाहीस. बाबा गेल्यापासून तो चेहरा मी बघितला नव्हता. मी म्हटलं, "हो, शिकवलं असेल."

मग पुढचं आपोआप होत गेलं. एवढंसं घर बघून तिला वाईट नाही वाटलं. म्हणाली, "मोठ्या शहरात जागा मिळते का? त्यांनी आपल्याला स्वतःची खोली दिली ग. ती दोघं कुठे झोपत असतील बिचारी?" मी म्हटलं, शेजारी. खिडकीपाशी तिने खुर्ची ओढून घेतली आणि बसून राहिली. खिडकी कुठल्या बाजूला आहे ते मला दोनदा विचारलं. समोर भिंत आहे हे तिला कळलंच नाही. उजेड येतोय म्हणाली.

सकाळी दारावर टकटक झाली. खोल्या आवरणारी बाई होती. चाळिशीची असेल, रबरी चपला, खांद्यावर चादरींचा गठ्ठा. "आई, जरा उठता का? चादर बदलते," म्हणाली. ती सगळ्याच म्हाताऱ्यांना आई म्हणत असणार. पण आपल्या आईने तिचा हात धरला. "कालच तर घातली होतीस सूनबाई. रोज कशाला बदलतेस?" बाई गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. मी तिला बाहेर नेऊन सगळं सांगितलं. मला वाटलं, हसेल, नाहीतर मॅनेजरला सांगेल. ती म्हणाली, "म्हणू दे की. माझं काय जातंय? माझी सासू तर मला नावानेसुद्धा हाक मारत नाही." आणि आत जाऊन म्हणाली, "आमच्याकडे चादर रोज बदलतात, आई."

हे वाक्य लक्षात ठेव, आईने ठेवलंय. आता तुझ्या ऑफिसचं सांगते.

बुधवारी आई झोपली तेव्हा त्या बाईला लक्ष ठेवायला सांगून मी तुझ्याकडे आले. काचेतून तू दिसलास. जाड झालायस. एक म्हातारं जोडपं समोर होतं आणि तू नकाशा पसरून त्यांना समजावून सांगत होतास. म्हाताऱ्या बाईला ऐकू येत नव्हतं तर उठून तिच्या बाजूला जाऊन बसलास. पुन्हा पुन्हा सांगितलंस. पाणी आणून दिलंस. मी बाकावर बसून बघत होते आणि मला, खोटं कशाला बोलू, अभिमान वाटला. म्हटलं, आहे, अजून आहे याच्यात.

ते दोघं गेले. मी पुढे आले. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने मान वर केली. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "बोला. कुठली टूर?"

बोला म्हणालास, टिल्लू. मला, तुझं नाक पुसलेल्या बाईला.

मीही कमी नाही. म्हटलं, "दोघी जणी आहोत. एकीला दिसत नाही. तिला शहरातलं एकच घर बघायचंय, ते तुमच्या पत्रकात नाही." तू पेन उघडलंस, बंद केलंस. "त्यासाठी तुम्हाला आगाऊ कळवावं लागेल," म्हणालास. ती मुलगी बघत होती ना. मग मला दारापर्यंत सोडायला आलास आणि तोंडातल्या तोंडात म्हणालास, "संध्याकाळी येतो ग ताई." एवढा 'ग' ऐकून मी विरघळले. लॉजवर येऊन आईचे केस विंचरले. तिला खुर्चीत बसवलं. तू आला नाहीस.

आईला सांगितलं, तो उशिरा येतो, तू झोपलेली असतेस, सकाळी लवकर जातो. ती म्हणाली, "मला माहीत आहे. काल माझ्या पायावर पांघरूण टाकून गेला. मी जागी होते, मुद्दामच बोलले नाही. दमून आला असेल."

पांघरूण मी टाकलं होतं.

दिवसभराचा पास काढून आम्ही बसमधून फिरलो, तेवढं मात्र छान झालं. ती खिडकीशी बसली, मी बाहेर काय काय आहे ते सांगत गेले. पूल, नदी, उंच इमारती. कंटाळा आला तेव्हा नसलेलंही सांगितलं. एका चौकात मी हत्ती उभा केला. ती हसून म्हणाली, "चल, काहीतरीच." पुढच्या सीटवरचा माणूस वळून हत्ती शोधायला लागला. आम्ही दोघी इतक्या हसलो की आमचा थांबा चुकला. किती वर्षांनी हसलो कोण जाणे. आणि त्या पलंगावर मलाही झोप लागली रे. दुसऱ्याने इस्त्री केलेल्या चादरीवर मी पहिल्यांदाच झोपले.

निघताना आईने त्या बाईच्या खांद्यावर शाल घातली. तिचे हात हातात घेऊन म्हणाली, "खरखरीत आहेत. कामसू आहेस. माझ्या पोराला सांभाळ." बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. खाली येऊन ती मला शाल परत देत होती. मी म्हटलं, ठेवा. तुझ्या बायकोला हवी असेल तर लॉजवर चौकशी कर, पान चार.

ताई


१० मार्च

टिल्लूस,

एक काम आहे. फक्त एक फोन करायचाय.

परत आल्यापासून आईने डोकं खाल्लंय. दुकानात गिऱ्हाईक आलं रे आलं की सुरू, "माझ्या टिल्लूकडे चादर रोज बदलतात." आयुष्य इस्त्रीत गेलेल्या बाईला याहून मोठी श्रीमंती माहीतच नाही. सोनंनाणं सांगितलं असतं तर लोक जळले असते. हिने चादर सांगितली तर लोक "हो का" म्हणतात आणि माझ्याकडे बघतात. कारण पुढचं वाक्य ठरलेलं असतं. "इथे काय, महिना महिना तीच." खरं आहे. आमच्या घरातल्या चादरींना इस्त्री नसते. दिवसभर ते गरम लोखंड फिरवल्यावर घरच्या चादरीवर कोण फिरवेल?

पण हात धरून मोरीत नेते मी. जेवण ताटात कुठे काय वाढलंय ते सांगते मी. औषध डोळ्यात घालते मी. चिडतेही मीच, ओरडतेही. रोज सांभाळणारं माणूस ओरडतं. त्या लॉजवर तिच्यावर कुणी ओरडलं नाही, कारण तीन दिवसांत तिचं तिथे कुणाला काही करावं लागलं नाही.

तरी गप्प बसले होते. पण परवा ती रोजच्या गिऱ्हाइकाला, त्या निवृत्त मास्तरांना म्हणाली, "मी आता कायमचीच तिकडे जाणार आहे. तिथे मला कुणी तोडून बोलत नाही. ही आपली सुटेल बिचारी."

माझा तोल गेला. इस्त्री आपटली मी टेबलावर. म्हटलं, "आई, ते लॉज होतं. भाड्याची खोली. राखणदार नाही, मॅनेजर होता. सूनबाई नाही, खोल्या आवरणारी बाई होती ती, त्यांना रोजच चादर बदलावी लागते. टिल्लू एकदाही आला नाही. स्वतःचं घरही नाही त्याला, सासऱ्याकडे राहतो. आणि पत्र मी वाचलं ते मीच बनवलेलं." मास्तर कपडे न घेताच निघून गेले.

आईने हातातली घडी पुरी केली. मग म्हणाली, "तुला त्याचं काही चांगलं बघवतच नाही. लहानपणापासून."

मी शपथा घेतल्या. लॉजची पावती तिच्या हातात दिली. तिला काय दिसणार त्यात? तिने ती पावतीही घडी करून बाजूला ठेवली. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. औषध घालून घेते आणि तोंड फिरवते. जिच्यासाठी खोटं बोलले तिच्याच लेखी मी खोटी ठरले, आणि तीही खरं बोलल्यावर.

माझं ऐकणार नाही ती. तुझं ऐकेल. फोन कर आणि सांग, "आई, ताई म्हणते ते खरं आहे." घराचं नको सांगूस हवं तर, सासऱ्याचं नको सांगूस. एवढंच सांग की मी खोटं बोलत नाहीये. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही. मागितलंही असेल, तू दिलं नाहीस म्हणून लक्षात नाही. पण हे दे.

ताई


१९ मार्च

टिल्लूस,

फोन केलास. आभार.

तुझं नाव बघितलं आणि मी हातातली इस्त्री बाजूला ठेवली. मी फोनचा आवाज मोठा करून तिच्या कानाशी धरला, म्हणजे मलाही ऐकू यावं. मला वाटलं, आता पोर कबूल करतंय, आता माझी सुटका. आई म्हणाली, "टिल्लू, बरा आहेस ना रे? सूनबाईंनी फार केलं माझं. रोज चादर बदलली."

तू थांबलास. माझं पत्र तुझ्या हाताशी असणार. सगळं वाचून तू फोन केला होतास. आणि मग म्हणालास, "त्यात काय आई. आवडलं ना तुला? परत ये हां. कधीही ये. आपलंच घर आहे."

किती सहज म्हणालास! त्या बहिऱ्या म्हातारीला नकाशा समजावताना होता तोच आवाज. गिऱ्हाइकाला खूश करून पाठवायचा. तुला वाटलं असेल, म्हातारीला दोन गोड शब्दांत आनंद झाला, कुणाचं काय बिघडलं? ताई काय, घेईल सांभाळून. ताईचं नेहमीचंच आहे.

आईने फोन माझ्या हातात दिला आणि सवयीने मान तिरकी करून माझ्याकडे तोंड वळवलं. बोलली काहीच नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते.

त्या संध्याकाळपासून ती पिशवी भरतेय. दोन लुगडी, चष्म्याची रिकामी डबी, बाबांचा फोटो. फोटो नेतेय म्हटल्यावर मला कळलं की हे चार दिवसांचं नाही. डोळ्यांचं विचारलं नाहीस, तरी सांगते. कडेचंही गेलं. मागच्या शनिवारी सकाळी तिने विचारलं, "आज उजाडलं नाही का ग?" उन्हं आत आली होती. म्हणजे आता तुला सोपं आहे. कुठल्याही दारात उभं करून आपलं घर म्हणालास तर ती आत येईल.

मी दोन रात्री विचार केला. पुन्हा खोटं बोलायचं, की टिल्लूला बाहेरगावी पाठवलंय? की आजारी पडायचं? मला सगळं जमतं, तू बघितलंसच. पण मला आता नाही करायचं. मी थकले, टिल्लू. चौपन्नाव्या वर्षी आईच्या नजरेत मी हेवा करणारी मुलगी झाले आणि तिला आता नजरही नाही, म्हणजे हे असंच राहणार.

सोमवारी रात्रीच्या गाडीची तिकिटं काढली आहेत. माझं जाण्यायेण्याचं, तिचं एकेरी. स्टेशनवर येऊ नकोस, पत्रकातली बस आम्हाला पाठ आहे. दुकान दोन दिवस बंद, कपडे मी लोकांच्या घरी पोचवून आले. तुझ्या ऑफिसात मंगळवारी अकराच्या सुमाराला पोचू, तेव्हा तिथे गर्दी असणार. मी तिला तुझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसवेन. तिला सांगणार की हे टिल्लूचं ऑफिस, घरी जाण्याआधी त्याला भेटू. यात खोटं काही नाही. ती तुला हाक मारेल. इस्त्रीच्या दुकानातून गल्लीच्या टोकापर्यंत पोचणारा तिचा आवाज तुला आठवत असेल, आणि डोळे गेल्यापासून तो अजून चढलाय. त्या मुलीला काय सांगायचं ते तुझं तू बघ. सासऱ्यांनाही.

मला तुझी फजिती बघायची हौस नाही. होती, पहिल्या दिवशी होती. आता वाटतं, तू तिचा हात धरून तिला कुठेतरी ने. खरं सांग किंवा खोटं सांग, पण तुझ्या तोंडाने सांग, आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या डोळ्यात औषध घाल. तिसऱ्या दिवशीही घाल. मग बघू तिला तुझ्याबद्दल काय वाटतं ते.

आज तिचे केस विंचरत होते. फोननंतर पहिल्यांदाच ती कामाव्यतिरिक्त माझ्याशी बोलली. म्हणाली, "मी तिकडे राहायला गेले की तू येशील ना ग मला भेटायला?"

येईन म्हणाले. कुठे यायचं, ते तू सांग.

ताई